पातेलंभर डाळ

त्या घोडीवर माझं प्रेमबीम काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मी नांदायला आले तेव्हा दारात तिची माय बांधलेली होती, आणि ही पुढं आमच्याच पत्र्याच्या गोठ्यात जन्मली. सासऱ्यापासून चालत आलेला धंदा. अमडापूरपासून चिखलीपर्यंत कोणाच्याही घरचा नवरदेव निघायचा असला की आमची घोडी जायची. बाकीचे दिवस शेती. हार, फोटो, मानपान सगळं घोडीला आणि तिच्या मालकाला. माझ्या वाट्याला काय, तर रोज सकाळी गोठ्यातली लीद. अठ्ठावीस वर्षं मी नवऱ्याला एकच वाक्य ऐकवत आले, "घोडी तुमची, लीद माह्यी." तो हसायचा आणि घमेलं माझ्या हातात द्यायचा.

घोडीला एकोणिसावं लागलं होतं. नवरदेवही आता फुलं लावलेल्या मोटारीतून मिरवायला लागले होते, त्यामुळं तिच्या तारखा वर्षागणिक कमी होत चालल्या होत्या. पुढं काय करायचं, हा विचार घरात एकटी मीच करत होते. बचत गटात पैसे टाकून, शेळ्या विकून, तीन दिवाळ्या नवी साडी न घेता मी पिठाच्या चक्कीपुरते पैसे जमवले. सोबत मिरची कांडायचं मशीनही येणार होतं. आमच्या गल्लीतल्या बाया दळण डोक्यावर घेऊन पार वेशीपर्यंत जातात. त्या सगळ्या माझ्या दारात येणार, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. पुढच्या खोलीतला एक कोपरा मी मोकळा केला, भिंतीला चुना दिला, मोठा स्विचबोर्ड बसवून घेतला. चिखलीच्या दुकानदाराशी बोलणं झालं होतं. पोराचं लग्न आटोपलं की दोन दिवसांत चक्की दारात. रोज झोपायच्या आधी मी त्या कोपऱ्याकडं एकदा पाहून घ्यायची. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं.

पोराचं लग्न आमच्याच दारी झालं. सून शेगावची, बाजारपेठेतल्या घरात वाढलेली, जनावर म्हणून तिनं फक्त मांजर पाळलेलं. नवरदेव मारुतीच्या देवळात नारळ फोडायला निघाला तो अर्थातच घरच्या घोडीवर. काय नाचली म्हणून सांगू. डफड्याचा ठेका बदलला की ही पाय बदलायची, मान वाकवायची, आणि एवढं नाचून माझ्या पोराचा फेटा तसूभर हलू दिला नाही तिनं. पाहुणे मोबाईल काढून तिच्यामागं धावत होते. मी गच्चीवरून पाहत होते आणि माझ्या नकळत माझेही पाय हलत होते.

आमच्याकडं एक रीत आहे. नवरदेव चढायच्या आधी करवल्या घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ ओंजळीतून चारतात. घोडीनं मन लावून खाल्लं की नव्या नवरीचं घर भरलेलं राहतं, असं बाया म्हणतात. दुसऱ्याच्या लग्नात माझा नवरा दोन करवल्यांच्या पुढं कोणाला येऊ द्यायचा नाही. "बस बाई, झालं तिचं," म्हणून लगाम ओढून घ्यायचा. पण हे घरचं लग्न होतं. तो स्वतः वरबाप, टॉवेल-टोपी आणि व्याह्यांची गळाभेट यात गुंतलेला. घोडीपाशी राखणीला कोणी नाही, आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला वाटलं की या घोडीवर आपला हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवत होते, तर सून मागच्या दारातून आली. घरातली तिची पहिली सकाळ. म्हणाली, "आई, घोडी सारखी वळून पोटाकडं पाहून राह्यली. पाय बी आपटते. असं करतेत काय घोड्या?"

मी आधी मोरीतल्या मोठ्या रिकाम्या पातेल्याकडं पाहिलं. का पाहिलं, ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

गोठ्यात गेलो तर घोडी घामानं भिजलेली. खाली बसायची, उठायची, पुन्हा बसायची. जमिनीवर रोजची लीद नव्हती, एक गोळासुद्धा नव्हता. नवऱ्याचा चेहरा उतरला. "पोट धरलं तिनं," एवढंच म्हणाला. मग पोराला ओरडून सांगितलं, "तिले लोळू देऊ नोको. लोळली तं आतडं पलटते. फिरव तिले." नवरदेव हातातलं कंकण न सोडता घोडीला घेऊन गल्लीत चकरा मारायला लागला.

अमडापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस. त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, पोटाला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि खरं ते सांगितलं. म्हणाले, "मी गाई-बैलांचा माणूस. हिच्या नाकातून पोटात नळी घालावी लागेल, बाटल्याच बाटल्या सलाईन लागेल. अकोल्याला घोड्यांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्या गाडी करून येतात. पण खर्च फार आहे, आणि घोडीचं वय झालंय." त्यांनीच फोन लावून दिला. मॅडमनी गाडी, औषधं, सलाईन, सगळं धरून आकडा सांगितला. तो आकडा आणि माझ्या चक्कीचा आकडा शेजारी ठेवले असते तर सख्खी भावंडं वाटली असती.

मी फोन हातात घेऊन विचारलं, "मॅडम, वाचली तं किती वर्सं जगन?"

"काकू, हे वय पाहता दोन वर्षं. जास्तही काढेल. पण मी आले म्हणजे वाचेलच, असंही मी म्हणणार नाही. ठरवायचं ते लवकर ठरवा."

मी म्हटलं, "सांगते पाच मिनटात," आणि फोन ठेवला.

नवऱ्यानं पैसे मागितले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. आयुष्यभर ज्या माणसाशी भांडले, तो त्या दिवशी एक शब्द बोलायला तयार नव्हता. घोडीच्या कपाळाला कपाळ टेकवून उभा होता. पैसे कुठल्या डब्यात आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि ते कशाचे आहेत हेही ठाऊक होतं.

बोलायला बाकीचे होतेच. धाकटा दीर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला होते हा. तुमी चक्कीसाठी किती तंगडतोड केली, म्या पाह्यली नाई काय? जाऊ द्या. मरन सुखानं आपल्या दारात." त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मी स्वतःशी तेच म्हणत होते. चक्की वीस वर्षं चालेल, सुनेच्याही कामी येईल. घोडी दोन वर्षं, तीही नशिबानं. ज्याला दोन आणि दोन चार येतात, त्यानं चक्कीच घेतली असती.

तेवढ्यात समोरची बुढी ओट्यावरून बोललीच. "नव्या नवरीचा पाय लागला अन् दारचं जनावर पडलं. पायगुन पाहा लागते बाप्पा."

सून माझ्या शेजारी उभी होती. मेंदीचे हात तिनं पदराखाली घेतले. मग दारातून एक पाऊल मागं सरकली. मला असा संताप आला म्हणता. "ओ बुढे," मी म्हटलं, "तोंड आवर. माह्या सुनेचं नाव घेतलं तं याद राख." बुढी गप्प झाली, पण पुरतं बोलून झाल्यावर गप्प झाली. आणि मी तरी कुठं खरं बोलले होते? जे सांगायला हवं होतं, ते मी आवाज चढवून झाकत होते.

पोरगा घोडीला घेऊन चकरा मारत होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी आली आणि ती थांबली. ही तिची रोजची वेळ. पहिली भाकर तव्यावरून उतरली की चतकोर तिला, हा नेम मीच घालून दिलेला. प्रेम म्हणून नव्हे, ती दार चाटत बसते आणि रंग जातो म्हणून. त्या दिवशी एवढ्या वेदनेत तिनं मान आत घातली. मी डब्यातली कालची पोळी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती ओठांत घेतली, माझ्याकडं पाहिलं, आणि पोळी खाली टाकली. खायला जमत नव्हतं, पण आपण भेटायला आलं पाहिजे एवढं तिला कळत होतं.

मी फोन पोराकडं फेकला. "बोलाव त्या मॅडमले. आत्ताच्या आत्ता निंघा म्हना." आणि तरातरा जाऊन तांदळाच्या कोठीतला डबा काढून नवऱ्याच्या पुढ्यात आदळला. तो डब्याकडं पाहत राहिला. मी म्हटलं, "पाहता काय? तोंड धुवा अन् चहा घ्या. पाहुने काय म्हनतीन." मग मागं मोरीत जाऊन मी मोठ्यानं नळ सोडला आणि काय रडायचं ते रडून घेतलं.

मॅडम खामगावमार्गे साडेबाराच्या सुमारास पोचल्या. सगळ्यांना वाटलं होतं, घोड्याची डॉक्टर म्हणजे कोणी धिप्पाड बाई असेल. उतरली ती एवढीशी मुलगी, दोन वेण्या घातल्या असत्या तर शाळेत खपली असती. पण तिनं बाही खांद्यापर्यंत सारली, लांब हातमोजा चढवला आणि घोडीच्या मागून कोपरापर्यंत हात आत घातला तेव्हा सगळी गल्ली तिला मॅडम म्हणायला लागली. हात बाहेर काढून तिनं पहिला प्रश्न विचारला, "काल हिनं काय खाल्लं? आणि किती? मला खरं कळलं पाहिजे. अंदाजानं औषध दिलं तर घोडी जाईल."

नवरा म्हणाला, "करवल्यायनं डाळ चारली असन दोन-चार ओंजळी. रीत आहे आमच्यात."

"दोन-चार ओंजळींनी असं होत नाही," मॅडम म्हणाल्या.

सून गोठ्याच्या दारात उभी होती. ओट्यावर बुढी. मला दोघी दिसत होत्या. आता नाही बोलले तर घोडी जाणार आणि त्या पोरीच्या कपाळी तो डाग जन्मभर राहणार, हे मला लख्ख कळलं.

"म्या टाकली," मी म्हटलं. "पातेलंभर. भज्यायसाठी भिजत घातलेली डाळ उरली होती. नासून गेली असती. अन् ती माह्या पोराले एवढी मिरवून आली, म्हटलं खाऊ दे. बादलीत टाकली अन् शेवटचा दाना खाईपर्यंत तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राह्यली."

नवरा माझ्याकडं पाहायला लागला. मी मान वर केली नाही. आता हा माणूस काय म्हणेल, एवढंच मनात होतं. तर मागून जावेचा आवाज आला, "म्या बी दिली वं. टोपलीभर असन." मग शेजारीण म्हणाली की तिच्या तिन्ही पोरींनी परातीतून चारली. मग आत्या, मग मामी, मग किराणावाल्याची बायको, जिचा या लग्नाशी काही संबंध नव्हता. प्रत्येकीला वाटलं होतं आपण एकटीच लाड करतोय. शेवटी ओट्यावरून बुढी म्हणाली, "म्या तं गूळ दिला बाप्पा. मोठी ढेप नाई, अर्धी." मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मी बुढीकडं पाहिलं आणि म्हटलं, "सांगा आता, पायगुन कोनाचा?"

मग काम सुरू झालं. नाकातून नळी घातली, पाणी सोडलं, खाली बादली धरली. आंबलेल्या डाळीचा जो लोंढा बाहेर आला, त्या वासानं दोन पाहुणे थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले. पुन्हा पाणी, पुन्हा बादली, मग नळीतूनच तेल. मानेला सलाईन. बाटल्या टांगायला मांडवाचा खांब उपटून आणला. खुरांना गरमी चढू नये म्हणून त्यावर थंड पाणी ओतत राहायचं होतं. पंगतीच्या पाण्यासाठी आणलेला उरलेला बर्फ पोरांनी पोत्यात बांधून आणला. मॅडम म्हणाल्या, "आता आपल्या हातात काही नाही. लीद टाकली तर घोडी तुमची. नाही टाकली, तर मी खोटा धीर देणार नाही."

आणि म्हणून अख्खी गल्ली लिदीची वाट पाहत बसली. परतीला निघालेल्या पाहुण्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. फोनवर फोन. शेगावहून विहीणबाई दर अर्ध्या तासानं विचारायच्या, "झालं काय वं?" आणि मी सांगायची, "अजून नाई." आळीपाळीनं घोडीला फिरवायचं होतं. दुपार कलली तेव्हा सुनेनं पोराच्या हातातून दोरी घेतली. हिरवा चुडा, मेंदीचे हात, पायात जोडवी नवी म्हणून चालता येत नव्हतं, तरी फिरवत होती. घोडीशी काहीतरी पुटपुटत होती. मी जवळून गेले तेव्हा ऐकलं, "टाक ना वं बाई, एक तरी टाक. माह्यी इज्जत ठेव."

चारच्या सुमारास घोडीनं शेपटी उचलली. सगळे उभे राहिले. मोठा आवाज झाला, आणि फक्त आवाजच झाला. पोरं हसून लोळायला लागली. मॅडमसुद्धा हसल्या, म्हणाल्या, "हेही चांगलंच आहे." मग काय, पैजा लागायला लागल्या. दीर, सकाळी मरू द्या म्हणणारा माणूस, आता सगळ्यात मोठ्यानं सांगत होता की सहाच्या आत टाकते म्हणजे टाकतेच. मी तिसऱ्यांदा चहा टाकला.

दिवा लावायची वेळ झाली. मी देवापुढं काडी ओढली आणि बाहेरून सुनेची किंकाळी आली, "आई!"

मी जळती काडी हातात घेऊनच पळाले. घोडी गल्लीच्या मधोमध उभी होती, आणि तिच्या मागं जमिनीवर दोन गोळे पडलेले होते. लहानच, तेलानं चकाकणारे, अर्ध्या डाळीचे. मग आणखी तीन. काय ओरडा झाला म्हणता. डफडंवाल्याचं घर कोपऱ्यावरच. त्यानं डफडं काढलं. दिरानं मला हात धरून गरकन फिरवलं, अठ्ठावीस वर्षांत कधी शिवला नव्हता तो. नवरा घोडीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होता. बुढी ओट्यावरून खाली उतरली आणि सुनेच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "लक्षुमीचा पाय आहे पोरीचा." त्यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

मी घमेलं आणायला वळले तर सून आधीच घेऊन आली होती. "राहू द्या आई, म्या भरते," म्हणाली. मी म्हटलं, "आजची नाई. आजची माह्यी." आणि मी दोन्ही हातांनी ती लीद उचलली.

चक्की आली नाही. दुकानदारानं महिनाभर वाट पाहिली आणि ती मेहकरकडं कोणाला तरी दिली. कोपरा तसाच रिकामा आहे, स्विचबोर्डवर कोळी जाळं करतो आणि मी ते काढते. वाईट वाटतं का? वाटतं. बाया दळण घेऊन वेशीकडं जाताना दिसल्या की जीव जळतो. ते पैसे पुन्हा जमवायला किती वर्षं लागतील ते मला माहीत आहे. सून म्हणते, आपण दोघी मिळून जमवू. बघू.

घोडी आता फक्त जवळच्या लग्नांना जाते. मी स्वतः सोबत जाते आणि करवल्यांच्या पुढं कंबरेवर हात ठेवून उभी राहते. एकीनं एकच दाणा द्यायचा, तोही मी मोजून हातावर ठेवायचा. मला या भागात आता खडूस म्हणतात. म्हणू देत.

मॅडमनी सांगितलेली दोन वर्षं या उन्हाळ्यात पुरी होतात. नवरा त्यावर बोलत नाही आणि मीही नाही. पण रोज पहाटे जाग आली की चहाच्या आधी, तोंड धुवायच्याही आधी, मी बॅटरी घेऊन गोठ्यात जाते आणि तिच्या मागं उजेड पाडते. परवा तिथं काही नव्हतं. मी तिथंच उकिडवी बसले. तिनं मान वळवून माझ्या डोक्याचा वास घेतला. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, सून दारात येऊन पाहून गेली. मी उठले नाही. प्रेमबीम नव्हतं असं मी वर म्हटलं ना, ते खोटं आहे. शेवटी तिनं शेपटी उचलली. मागून नवरा घमेलं घेऊन आला आणि म्हणाला, "सरक, आज म्या भरतो." मी त्याच्या हातातून घमेलं हिसकावून घेतलं.